म्हातारपणाच्या माथी मारण्यापूर्वी रात्र तपासा

आमच्या खजरान्यात कुणी चारचौघांत बसल्या बसल्या पेंगू लागले की मंडळी हसतात. प्रवचन चालू असता पेंगणाऱ्यांना आम्हीही पुष्कळदा टोमणे मारले आहेत. त्रोवस येथे पौलाचे भाषण लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने खाली पडला, ही प्रेषितांच्या कृत्यांतील हकीकत सांगून हशा पिकवणे फार सोपे असते. गेल्या वर्षापासून आम्ही तो टोमणा बंद केला आहे. का, ते या पानावर सांगणे आम्हाला अवश्य वाटते. त्यात आमची स्वतःची एक चूक आहे, आणि तीच चूक या वस्तीतल्या व आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक घरांत रोज होत असावी.

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ. वय एकाहत्तर. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत, नाव मात्र सांगत नाही. तरुणपणी इंदूरच्या कापड गिरणीत त्यांनी रात्रपाळ्या केल्या. गिरणी बंद पडल्यावर कनाडियाच्या पलीकडे चार बिघे जमीन आधी खंडाने केली, पुढे पैपैसा साठवून तीच विकत घेतली. गहू, बटाटा, सोयाबीन आणि दारात दोन म्हशी. हिशेबात इतके तल्लख की रतिबाचे दूध कुणाकडे किती गेले, हे महिनाअखेरीस वही न उघडता सांगत. गेल्या तीनेक वर्षांत हे सारे बिघडत गेले. एकाच घरी दोनदा दूध, दुसऱ्या घरी मुळीच नाही. पंप सुरू करून घरी यायचे आणि विसरून जायचे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. दुपारी खाटेवर, संध्याकाळी ओट्यावर, जेवताना ताटावर पेंगायचे आणि उठवले की खेकसायचे. पूर्वी हा माणूस कधी कुणावर आवाज चढवत नसे.

मुले आमच्याकडे आली. म्हणाली, "फादर, बाबांना आता उमजत नाही. तुमचे ऐकतात, तुम्हीच सांगा." आम्ही गेलो. काकांशेजारी बसलो आणि शहाणपणाचा आव आणून म्हणालो, "काका, खूप केलेत. आता कपाटाच्या किल्ल्या धाकट्याच्या हाती द्या." काकांनी आमच्याकडे थोडा वेळ पाहिले, कमरेचा जुडगा काढला आणि काही न बोलता खाटेवर ठेवला. आम्हाला वाटले, चांगले काम झाले.

निघताना काकूंनी चहासाठी थांबवले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, यांची बुद्धी गेली असे सगळे म्हणतात. माझी झोप सहा वर्षांपूर्वी गेली, ते कुणी विचारले नाही." मग त्यांनी सांगितले ते असे. रात्री हे घोरतात. घोरता घोरता एकदम शांत होतात. पोट हलते, छाती हलते, पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. त्या मनात आकडे मोजतात. वीस, कधी तीस. मग हे एकदम फुरफुरून, गुदमरल्यासारखे करून श्वास घेतात, कूस बदलतात आणि पुन्हा घोरू लागतात. असे रात्रभर. वीसच्या पुढे गेले की त्या खांदा हलवतात. "डॉक्टरांना सांगितलेत का?" आम्ही विचारले. "डॉक्टर यांनाच विचारतात, झोप कशी लागते म्हणून. हे सांगतात, छान लागते. मी बाहेर बाकावर असते."

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत जुहूच्या रुग्णालयात वारले, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले होते. चार दिवस वर्तमानपत्रांत हा शब्द गाजला. आम्हीही तो वाचला होता आणि विसरूनही गेलो होतो. काकूंचे बोलणे ऐकताना तो आठवला. पुढे मुलांच्या मागे लागून काकांना छातीच्या तज्ज्ञांकडे नेले, रात्रभराची तपासणी झाली. तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडत होता. सात तासांच्या झोपेत हे दोनशे सत्त्याऐंशी वेळा झाले. ऑक्सिजन अनेकदा ऐंशीच्या खाली जात होता. करोनाच्या दिवसांत याच घरात आकडा चौऱ्याण्णवच्या खाली आला म्हणून रात्री रिक्षा करून लोक धावले होते. इथे सहा वर्षे रोज रात्री तो त्याहून खाली जात होता आणि घरात त्याला घोरणे म्हणत होते.

हे होते कसे ते शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. विहिरीवरच्या पंपाला ओढीच्या बाजूस कडक पाइप लागतो. पाणी सोडण्याच्या बाजूस कापडी लपेटा पाइप चालतो, कारण आतले पाणीच त्याला फुगवून ठेवते. तोच लपेटा पाइप ओढीच्या बाजूस लावा, पंप सुरू होताच तो आतून चिकटून बसेल. पंप जितका जोरात ओढील तितका तो अधिक चिकटेल. आपला घसा हा ओढीच्या बाजूचा मऊ पाइप आहे. जागेपणी तेथील स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजिभेकडचा मऊ भाग लोंबतो आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जो फडफडाट होतो ते घोरणे. वाट पुरती मिटली की श्वासरोध. हा रोध दहा सेकंद किंवा अधिक टिकला तर डॉक्टर तो मोजतात. श्वास पुरता बंद पडला नाही, पण हवा फार कमी झाली आणि त्याने ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर तेही त्यात धरतात. तासाला पाचपर्यंत असे प्रसंग झाले तर ते सामान्य मानतात, पंधराच्या पुढे मध्यम आजार, तीसच्या पुढे गंभीर. मानेभोवती चरबी चढलेल्यांना हे अधिक होते. पण जबडा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही होते, आणि आपल्या देशात ते कमी वजनावरही दिसते. वय वाढते तसे स्नायू सैल होतात, म्हणून म्हातारपणी प्रमाण वाढते. बुलडॉग जातीच्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना हा विकार उपजतच असतो, आणि त्यांच्यावरून शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यासही केला आहे. ज्यांनी हौसेने असा कुत्रा पाळला आहे त्यांनी तो झोपला असता जवळ बसून ऐकावे, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आता मेंदूचे. आपली समजूत अशी की झोपेत मेंदू विसावा घेतो. वास्तविक तो रात्रीही कामात असतो. चोइथराम मंडीत दिवसभर उतरलेला माल फाटकाशी पडून असतो, आणि हमाल तो उचलून गाळ्यांत लावतात तेव्हा कुठे तो सापडण्याजोगा होतो. दिवसभरात पाहिले-ऐकलेले मेंदू गाढ झोपेत असेच लावून ठेवतो. श्वास अडला की मेंदू घाबरून स्वतःला क्षणभर जागे करतो, म्हणजे घसा उघडेल. झोपलेल्याला याची आठवणही राहत नाही. पण दर दीड मिनिटाला कुणी "थांबा" म्हणून ओरडले तर हमाल किती पोती लावतील? सकाळी माल फाटकाशीच. काल रतीब कुणाला घातला हे काकांना आठवत नव्हते, याचे निम्मे उत्तर आमच्या मते इथे आहे.

उरलेले निम्मे ऑक्सिजनचे. मेंदूच्या आत, कानशिलांच्या बाजूस, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग आहे. नवी आठवण तयार होण्याचे काम मुख्यतः त्याचे, आणि ऑक्सिजन कमी पडला तर ज्या भागांना लवकर इजा होते त्यांत तो एक. शिवाय प्रत्येक वेळी गुदमरताना शरीर धोक्याची घंटा वाजवते, रक्तदाब उसळतो, हृदय धडधडते. सामान्य माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. याचा रात्रीही चढाच राहतो. मेंदूतल्या बारीक नळ्यांवर वर्षानुवर्षे हा मार बसला की त्या कडक होतात, काही बंद पडतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली हजाराहून अधिक लोकांच्या पाहणीवरून दाखवले की असा श्वासरोध असलेल्यांत पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट होता, आणि वय, वजन, रक्तदाब वगैरे इतर कारणांचा हिशेब करूनही तो तितकाच राहिला.

झोपेत मेंदूतील कचरा वाहून जातो, असेही अलीकडे सांगतात. २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून ते पुढे आले; स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या मेंदूत साठणारे ॲमिलॉइड नावाचे प्रथिन त्या कचऱ्यात धरले जाते. माणसात हे किती लागू पडते यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे, तेव्हा त्यावर आम्ही फार भर देत नाही.

माणसांवरच्या अभ्यासांपैकी आम्हाला सर्वांत बोलका वाटला तो अमेरिकेतील २९८ वृद्ध स्त्रियांचा. सरासरी वय ब्याऐंशी, आरंभी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. रात्रीची तपासणी करून सुमारे पाच वर्षांनी त्यांची बुद्धी पुन्हा तपासली. ज्यांचा श्वास झोपेत अडत होता त्यांच्यापैकी जवळजवळ ४५ टक्के स्त्रियांत स्मृतीची घसरण किंवा स्मृतिभ्रंश आढळला. ज्यांचा अडत नव्हता त्यांच्यात ३१ टक्के. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिजन वारंवार उतरण्याचा संबंध स्पष्ट दिसला, नुसत्या मोडक्या झोपेचा दिसला नाही. एकतीस टक्केही काही थोडे नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. श्वास उत्तम असूनही त्या वयात तिघींपैकी एकीची स्मृती ढासळली. म्हणजे म्हातारपण खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या खात्यावर दुसऱ्याचे कर्ज चढवू नका, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे हे नाहीच, असे कुणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य तपासणीला आले होते. त्यांच्यापैकी अडीचशे जणांची घरी रात्रभर तपासणी झाली. सुमारे साडेएकोणीस टक्क्यांत झोपेतील श्वासाचा बिघाड निघाला, आणि दिवसा पेंग येण्यापर्यंत मजल गेलेले साडेसात टक्के. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी देशभरच्या पाहण्या एकत्र करून २०२३ साली अंदाज मांडला की प्रौढांत सुमारे अकरा टक्के लोकांना हा विकार आहे. पुरुषांत तेरा, स्त्रियांत पाच.

स्त्रियांच्या या पाचाबद्दल आम्हाला शंका आहे, आणि ती डॉक्टरी नसून घरोघर फिरून आलेली आहे. बाई घोरते हे नवरा चारचौघांत सांगत नाही, आणि बाई स्वतः तर मुळीच नाही. मुंबईची ती पाहणीही पुरुषांचीच होती. मासिक पाळी बंद झाल्यावर स्त्रियांत हा विकार वाढतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. बाई पेंगत नाही, तिला पेंगायला सवड कुठे असते? ती दमलेली असते, डोके जड असते, चिडचिड होते, आणि घरातले म्हणतात, "आईचा स्वभावच तसा झालाय."

आमचा मुख्य रोष आहे तो "साठी बुद्धी नाठी" या म्हणीवर. म्हण मजेदार आहे, पण तिने किती म्हाताऱ्यांचे कान, डोळे, थायरॉइड आणि बी-१२ तपासायचे राहून गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मंद झालेला थायरॉइड माणसाला विसराळू करतो. बी-१२ ची कमतरता करते, आणि आपल्या शाकाहारी घरांत ती मुबलक आहे. मनाची उदासी करते, ऐकू न येणे करते, काही गोळ्याही करतात. या सगळ्यांची तपासणी दिवसा होते. झोपेतील श्वासरोधाची रात्रीच होते, आणि रात्रीचा साक्षीदार एकच असतो. त्या साक्षीदाराला दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसवून ठेवण्याची आपली रीत आम्हाला अन्यायाची वाटते. काकू सहा वर्षे आकडे मोजत होत्या. एकाही माणसाने, आम्ही धरून, त्यांना विचारले नाही.

दुसरा रोष घोरण्याच्या कौतुकावर. घोरतो म्हणजे गाढ झोपतो, घोडे विकून झोपतो, असे आपण अभिमानाने सांगतो. घोरणारा प्रत्येक जण रोगी नसतो, हेही खरे. पण घोरणे मध्येच थांबते आणि मग गुदमरून सुरू होते, सकाळी तोंड कोरडे आणि डोके दुखरे असते, पोटभर झोपूनही दिवसा डोळे मिटतात, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर हसण्यावारी नेऊ नये. लघवीचे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. बंद घशाविरुद्ध छाती जोर करते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकण्याचा निरोप जातो. काकांवर दोन वर्षे प्रोस्टेटचा उपचार चालला होता.

रब्बीत रात्रीच्या पाळीला वीज येते म्हणून जो शेतकरी दोन वाजता गव्हाला पाणी द्यायला उठतो, त्याचे दिवसा पेंगणे वेगळे. त्याला झोपच कमी मिळते. चार रात्री पुरी झोप घेतली की तो ताजातवाना होतो. आठ तास झोपून जो पेंगतो त्याची चौकशी करावी. आणि असा माणूस ट्रॅक्टर किंवा थ्रेशरवर असेल, रिंग रोडवरून खजराना चौकात दुचाकी काढत असेल, तर चौकशीला दिवाळीनंतरचा मुहूर्त शोधू नये.

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. "रात्री झोप नीट होत नाही" एवढेच सांगितले की पुष्कळदा गोळी मिळते. शेजाऱ्याची गोळी मागून घेणारेही आम्ही पाहिले आहेत. अशा काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि जाग येण्याची शक्तीही मंद करतात. दारूचेही तेच. थकवा घालवायला म्हणून रात्री घोटभर घेणाऱ्यांची आमच्या धर्मग्रामात वाण नाही; त्यांच्या बायकांना विचारा, त्या रात्री घोरणे किती वाढते ते. आणि इंदूरकरांना सराफ्यात रात्री बारा वाजता गराडू आणि जलेबी खाऊन घरी येऊन आडवे होण्याची जी चटक आहे, तिच्याबद्दल आम्ही बोललो तर आम्हालाच वस्तीतून घालवतील. तरी वाढलेले वजन उतरवल्याने हा विकार हटतो किंवा हलका होतो, एवढे लिहून ठेवतो.

उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. नाकावर मुखवटा बसवून त्यातून हवेचा हलका दाब सतत आत सोडायचा. त्या दाबाने घसा मिटत नाही. आतल्या पाण्याने लपेटा पाइप फुगून राहतो, तेच तत्त्व. या यंत्राला सीपॅप म्हणतात. सोपे मात्र नाही. किंमत तीस हजारांच्या आसपास सुरू होते, वीज लागते, पहिले काही दिवस कोंडल्यासारखे वाटते, आणि पुष्कळ लोक महिन्याभरात ते कपाटावर ठेवून देतात. मुलाच्या लग्नात बँडला आणि घोडीला याहून अधिक पैसे जातात, हे आम्ही त्याच घरांत पाहिले आहे. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांचा प्रश्न निराळा. आमचे मत असे की गावजेवणासाठी जशी वर्गणी निघते तशी दोन यंत्रे वापरून पाहण्यासाठी ठेवायलाही निघावी. माणसाला महिनाभर वापरून सोसते की नाही ते कळेल, मग तो विकत घेईल. मुखवटा अर्थात ज्याचा त्याचा वेगळा हवा.

या यंत्राने गेलेली बुद्धी परत येते का? इथे वाचकांना फसवायची आमची इच्छा नाही. इटलीत मिलान येथे सतरा रोग्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा स्मृतीशी संबंधित भागांत घट दिसली. तीन महिने यंत्र नीट वापरल्यावर त्यातील काही भरून आली आणि चाचण्यांतही सुधारणा झाली. हे २०११ साली छापून आले. पण सतरा म्हणजे मूठभर माणसे. अमेरिकेत हजाराहून अधिक रोग्यांवर सहा महिने प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१२ साली आले. दिवसाची पेंग कमी झाली, स्मृतीच्या चाचण्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्मृतिभ्रंश टाळण्याजोगी म्हणून जी चौदा कारणे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली सांगितली, त्यांत झोपेचे नाव नाही. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, बहिरेपणा ही आहेत. तेव्हा यंत्र लावले की आजोबा पुन्हा चाळिशीचे होतील असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ज्या भागाला कायमची इजा झाली तो भाग परत येत नाही. जो नुसता दमलेला आहे तो मात्र येऊ शकतो, आणि कुठला किती, हे उपचार केल्याशिवाय कळत नाही.

सौम्य विकार असेल तर कुशीवर झोपणे, वजन उतरवणे यांनीही भागते. पाठीवर वळू नये म्हणून बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची युक्ती जुनी आहे आणि काही लोकांना ती उपयोगी पडते. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी पंधरा मिनिटे शंख फुंकायला लावले, बाकीच्यांना खोल श्वासाचा व्यायाम दिला. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि तासामागे श्वासरोधही चार-पाचांनी कमी झाले. प्रयोग लहान आहे, पण शंख काही महाग नाही. खजराना गणेशाच्या आरतीची ज्यांना सवय आहे त्या आमच्या शेजाऱ्यांना याचे मुळीच नवल वाटले नाही. आमच्या गायकवृंदात तुतारी वाजवणारा मिळाला तर आम्हालाही हवाच आहे.

आमच्याच धर्मग्रामातील एका आजींची हकीकतही सांगितली पाहिजे. काकांचे ऐकून त्यांच्या मुलीने त्यांचीही तपासणी करून घेतली. श्वासरोध निघाला, यंत्र आणले. आजी रोज रात्री मुखवटा ओढून काढीत, "मला कोंडता का?" म्हणून रडत. तीन आठवड्यांनी मुलीने तो बंद केला. आजींचा आजार फार पुढे गेला होता, आणि त्यात श्वासरोधाचा वाटा किती होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मुलगी आम्हाला म्हणाली, "फादर, पाच वर्षांपूर्वी कळले असते तर?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आईला तिने जवळ ठेवले आहे आणि तिचे सारे ती करते.

काकांना यंत्र लावून आठ महिने झाले. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी दोनदा ते फेकून दिले. नातवाने युक्ती केली, आधी दुपारी टीव्ही पाहताना अर्धा तास मुखवटा लावायला शिकवले, मग रात्री. दिवसाचे पेंगणे महिन्याभरात थांबले. चिडणे कमी झाले. नावे अजून विसरतात, गेल्या रविवारी आमचेच विसरले. जमिनीचे व्यवहार मुलगाच पाहतो आणि ते बरे आहे. दुधाची वही मात्र पुन्हा काकांकडे आली आहे. आम्ही एका संध्याकाळी गेलो आणि किल्ल्यांबद्दल त्यांची माफी मागितली. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता.

कुणाच्या घरी अशी लक्षणे असतील त्यांनी एवढे करावे: रात्री अंधारात मोबाइल उशाशी ठेवून तासभर आवाज मुद्रित करावा, सोबत झोपणाऱ्याला घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे, आणि आत दोघांनी मिळून बसावे. रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही अंगणात असतोच. कुणाला सोबत हवी असेल तर येऊ. काकूही येतील म्हणाल्या आहेत. त्यांना अजून रात्री दोनच्या सुमारास जाग येते; हात पुढे करून वारा लागतो का ते पाहतात आणि पुन्हा झोपतात.